नारिंगी दिवस, निळा लिफाफा

प्रति,
राजे विलेम-अलेक्झांडर,
नोर्डआइंडे राजवाडा, द हेग

राजेसाहेब,

सविनय नमस्कार. आधी 'महाराज' लिहायला घेतलं होतं. पण मराठीत महाराज म्हटलं की एकच डोळ्यांसमोर येतात, तिथे दुसऱ्या कुणाची डाळ शिजत नाही. म्हणून राजेसाहेब. २०१३ साली गादीवर बसण्याआधी तुम्हीच मुलाखतीत सांगितलं होतंत, की लोकांनी मला काय हाक मारायची ती मारावी, माझं प्रोटोकॉलवाचून अडत नाही. तेव्हा चालवून घ्याल.

पत्र मराठीत का? डच मला येतं, निदान शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडण्याइतकं. पण तुमच्याखेरीज हे पत्र इथल्या मराठी मंडळींनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. २७ एप्रिलला, तुमच्या वाढदिवसाच्या राजदिनी, नारिंगी फेटे बांधून कालव्याकाठी फोटो काढणारे आम्ही लोक हा दिवस नेमका कशाचा, हे फारसं विचारत नाही. आणि तुमच्याकडे दुभाषे असतीलच.

मी मूळची वेंगुर्ल्याची. तुमच्या लोकांचा आणि आमचा संबंध जुना. सतराव्या शतकात तुमची ईस्ट इंडिया कंपनी आमच्या बंदरावर उतरली आणि तिने तिथे वखार बांधली. ती अजून आहे. छप्पर गेलंय, भिंतींतून झाडं उगवलीत, पण गावात कुणालाही 'डच वखार खंय' विचारलं तर बोट दाखवतील. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. पुढे २०१२ साली नवऱ्याच्या नोकरीपायी ॲम्स्टरडॅमजवळच्या ॲम्स्टलफेनला येऊन राहिले, तेव्हा वडील म्हणाले होते, "ते आपल्याकडे व्यापाराक इले, आता तू जा."

दोन वर्षांनी, २०१४च्या एप्रिलात, आई तीन महिन्यांसाठी आली. त्याच वर्षी तुमचा पहिला राजदिन होता आणि तुम्ही डे रैप हे गाव करून नेमके आमच्याच ॲम्स्टलफेनला आलात. २७ तारखेला रविवार पडला म्हणून सण २६ला. (ज्यांच्या जुन्या मार्गदर्शक पुस्तकात आधीच्या राणीच्या काळातला ३० एप्रिल छापलेला होता, ते परदेशी पर्यटक चार दिवस उशिरा नारिंगी टोप्या घालून रिकाम्या रस्त्यांवर हिंडत होते. डच लोक त्यावर अजून हसतात.)

आई सकाळपासून चकित. गावभर एकच रंग. "आज शिवजयंती आसा काय हंय?" तिने विचारलं. नारिंगी तुमच्या घराण्याचा रंग, भगव्याशी त्याचा संबंध नाही, हे समजावेपर्यंत आम्ही दोरीच्या कडेला पोचलो होतो. मग तुम्ही आलात. चालत. शेजारी माक्सिमा राणीसाहेब, मोठी टोपी, मोठं हसू. मुली मागेपुढे. तुम्ही आमच्यापासून चार हातांवर थांबलात, कुणा आजोबांशी काही बोललात, हसलात, पुढे गेलात. आईने माझा हात धरला. "गो, ह्यो राजा? चलत इलो? आणि मुकुट खंय त्याचो?"

मी तिला सांगितलं की इथे राजाच्या डोक्यावर मुकुट घालतच नाहीत. शपथविधीच्या दिवशी तो शेजारच्या टेबलावर नुसता ठेवलेला असतो. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरां आसा. डोक्यार नाय तर डोक्यात जाणा नाय."

राजेसाहेब, तुमच्या दरबारातल्या कुणी तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोललं असेल असं मला वाटत नाही.

त्या संध्याकाळी तिला मी तुमचा एक जुना व्हिडिओही दाखवला. २०१२चा राणीदिन, गाव रेनेन. तुम्ही तेव्हा युवराज होतात आणि कमोड लांब फेकण्याच्या स्पर्धेत उतरला होतात. खराखुरा, चिनी मातीचा कमोड. "राजाच्या झिलान संडास फेकल्यान?" आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. वेंगुर्ल्याला परत गेल्यावर तिने विमानातलं जेवण, बर्फ, ट्यूलिप यांतलं काही कुणाला सांगितलं नाही. संडासाची गोष्ट मात्र अख्ख्या वाडीला सांगितली. तुमचे सल्लागार त्या दिवसाची आठवण काढत नसतील. मला विचाराल तर तुमच्या घराण्याने सणाच्या दिवशी केलेल्या चांगल्या कामांत मी ते वरच्या नंबरावर ठेवीन.

हा दिवस मुळात राजदिन नव्हता, राजकन्यादिन होता. १८८५ साली, तुमची पणजी विल्हेल्मिना पाच वर्षांची झाली त्या ३१ ऑगस्टला, तो पहिल्यांदा साजरा झाला. आपसात भांडणाऱ्या देशाला एकत्र बसवायला एक लहान मुलगी बरी, असा हिशेब होता. पुढे युलियाना राणी झाल्या आणि त्यांच्या वाढदिवसामुळे सण ३० एप्रिलला गेला. त्या सूस्टडाइक राजवाड्याच्या पायऱ्यांवर उभ्या राहायच्या आणि लोक फुलं, केक, हाताने विणलेलं काहीबाही घेऊन समोरून रांगेने जायचे. तुमच्या मातोश्रींनी, बिआट्रिक्स यांनी, ही रांग बंद केली. त्यांचा स्वतःचा वाढदिवस ३१ जानेवारीचा. त्या थंडीत कोण बाहेर बसणार? म्हणून आईची तारीख ठेवली आणि स्वतः गावोगाव जायला लागल्या. लोकांनी राणीकडे जायचं, ते उलटं झालं. माझ्या मते तुमच्या घराण्याने गेल्या शंभर वर्षांत केलेला हा सगळ्यात शहाणपणाचा बदल.

त्याची किंमतही मोजली गेली. २००९ साली आपेलडोर्नमध्ये एकाने तुमच्या उघड्या बसच्या दिशेने गर्दीतून मोटार घातली. सात बघे गेले, तोही गेला. पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा लोकांत आलात. हे मी विसरलेले नाही. पुढे जे लिहिणार आहे, ते हे लक्षात ठेवूनच.

कारण राजाची फेरी हा या दिवसाचा अर्धाच भाग. खरा सण फ्रैमार्क्टचा, रस्त्यावरच्या खुल्या बाजाराचा. त्या दिवशी कुणीही उठावं, फुटपाथवर चटई टाकावी आणि घरातलं अडगळीचं सामान विकावं. परवाना लागत नाही, कुणी कर मागायला येत नाही. आदल्या दिवशीच लोक खडूने किंवा चिकटपट्टीने फरशीवर चौकोन आखून आत 'बेझेट' लिहून ठेवतात, म्हणजे 'जागा धरली आहे'. आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, तसंच. आणि आश्चर्य म्हणजे इथेही तो रुमाल सगळे मानतात.

२०२४ला माझी मुलगी नऊ वर्षांची होती. तुम्ही त्या वर्षी एमेनला होतात, आम्ही आमच्या गल्लीच्या तोंडाशी चटईवर. मांडलेला माल: पाय मोठे झाल्याने बाद झालेले रोलर स्केट, लेगोची एक पिशवी, सहा चित्रांची पुस्तकं, पवनचक्कीचं पाचशे तुकड्यांचं एक कोडं आणि माझ्या हातचे बेसनाचे लाडू, पन्नास सेंटला एक. कोड्याच्या झाकणावर तिने डचमध्ये लिहिलं होतं, 'एक तुकडा नाही'. मी म्हटलं, अगं, कशाला लिहितेस, कोण मोजतंय? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोलले नाही. एक म्हातारे गृहस्थ आले, झाकण वाचलं, कोणता तुकडा नाही ते विचारलं. "आकाशाचा," ती म्हणाली. ते म्हणाले, आकाश मला ओळखीचं आहे, आणि दीड युरो देऊन कोडं घेऊन गेले. दिवसाअखेर डब्यात तेवीस युरो चाळीस सेंट जमले. लाडू सगळ्यात आधी संपले, हे जाता जाता सांगते.

आता माझ्या धंद्याचं. मी हिशेबनीस आहे. लहान दुकानदारांची, केस कापणाऱ्यांची, सायकल दुरुस्त करणाऱ्यांची आयकराची विवरणपत्रं भरते. ती १ मेच्या आत जायची असतात. म्हणजे तुमचा वाढदिवस दर वर्षी माझ्या सगळ्यात वाईट आठवड्यात येतो. एका दिवशी सगळीकडे नारिंगी, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माझ्या टेबलावर निळं. करखात्याचे ते निळे लिफाफे. या देशात राहणाऱ्याला निळा लिफाफा काय असतो ते सांगावं लागत नाही. तो दारातल्या फटीतून आत पडला की माणूस आधी चहा करतो, मग उघडतो.

राजेसाहेब, तुम्हाला तो येतो का?

थोडासा येत असेल. खासगी मालमत्तेवर, खरेदीवर तुम्हीही कर भरता, हे मला ठाऊक आहे आणि ते मी दडवणार नाही. पण राजा म्हणून वर्षाला जो दहा लाख युरोंहून जास्त पगार सरकारी तिजोरीतून मिळतो, त्यावर तुम्हाला आयकर नाही. राज्यघटनेचं ४०वं कलम. राणीसाहेबांना नाही, तुमच्या मातोश्रींनाही नाही. राजघराण्यातून राजाला किंवा त्याच्या वारसाला जे वारशाने येतं, त्यावरचा करसुद्धा त्याच कलमाने माफ. कामाचा, नोकरचाकरांचा खर्च त्याशिवाय वेगळा मिळतो. त्याला माझा आक्षेप नाही. राजवाडा झाडायला माणसं लागणारच.

म्हणजे बघा, माझ्या मुलीला जी मुभा वर्षातून एक दिवस मिळते, ती तुम्हाला तीनशे पासष्ट दिवस आहे. तिची चटई संध्याकाळी गुंडाळावी लागते.

इथे कुणी म्हणेल, बाई, तुम्ही कुणाला सांगताय? बरोबर आहे. आम्ही परदेशातून आलेले 'कुशल' नोकरदार. आमच्या पगाराचा तीस टक्के भाग पहिली काही वर्षं करमुक्त असतो. माझ्या नवऱ्यानेही ती सवलत घेतली, आठ वर्षं, आणि महाराष्ट्र मंडळाच्या जेवणांत हा विषय निघाला की आम्ही सगळे जिलबीकडे बघायचो. शेजारची नर्स पूर्ण कर भरत होती आणि तिच्यापेक्षा जास्त कमावणारे आम्ही कमी. २०२० साली आमची सवलत संपली. पहिल्या महिन्याची पगाराची पावती बघून नवरा दोन दिवस गप्प होता. पण खरं सांगते, त्या दिवसापासून शेजारणीशी बोलताना माझी मान जरा सरळ झाली. मी हे उपदेश म्हणून लिहीत नाही, अनुभव म्हणून लिहिते. आमच्या सवलतीला शेवटची तारीख होती, एवढाच फरक.

त्याच २०२० सालाचं आणखी एक. एप्रिलात साथीमुळे राजदिन घरातच झाला. तुम्ही टीव्हीवर कोनिंग्सडाखला 'वोनिंग्सडाख' म्हणालात, घरदिन, आणि हा शेवटचाच असू दे म्हणालात. आम्ही हसलो. बरं वाटलं. ऑगस्टात चतुर्थी आली. वेंगुर्लेकराने चतुर्थीला घरी न जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? मुंबईचा माणूस कर्ज काढून जातो. आम्ही मोबाइलच्या काचेवर गणपती बघितला, आईने काचेलाच कुंकू लावलं. ऑक्टोबरात सरकारने पुन्हा सगळं बंद केलं, शक्यतो घरीच राहा म्हणाले, आणि दोनच दिवसांनी तुम्ही सहकुटुंब ग्रीसला सुट्टीवर गेलात. नियम मोडला नव्हतात. ओरड झाली तशी दुसऱ्या दिवशी परतलात, आणि मग राणीसाहेबांना शेजारी घेऊन कॅमेऱ्यासमोर माफी मागितलीत. चेहरा पडलेला होता. मला ती माफी खरी वाटली. म्हणून तर पुढच्या वर्षी डिसेंबरात जास्त लागलं. घरी चारपेक्षा जास्त पाहुणे बोलावू नका असं सरकार सांगत होतं आणि राजवाड्याच्या बागेत युवराज्ञींच्या अठराव्या वाढदिवसाला एकवीस पाहुणे जमले. तेही बरोबर नव्हतं असं नंतर तुम्ही पंतप्रधानांमार्फत कळवलंत.

या दोन माफ्यांच्या मधल्या काळात देशात काय झालं ते आठवा. जानेवारी २०२१मध्ये तेव्हाचे पंतप्रधान रुटं यांचं सरकार पडलं. कारण करखातं. मुलांच्या पाळणाघरासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीत लबाडी केली असा ठपका ठेवून हजारो आईबापांकडून पैसे परत मागितले गेले, अनेकांकडून दहा-दहा हजारांच्या पटीत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी काही केलंच नव्हतं. आडनाव परकं असलेले त्यांत पुष्कळ. माझ्याकडे विवरणपत्र भरायला येणारी एक बाई निळे लिफाफे न उघडता पिशवीत भरून आणायची. "तूच उघड," म्हणायची, आणि मी उघडेपर्यंत खिडकीबाहेर बघायची. सरकार पडल्यावरही ती तशीच बघायची.

त्याच वर्षी जूनमध्ये तुमच्या थोरल्या लेकीने, अमालिया यांनी, पंतप्रधानांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. अठरा पूर्ण झाल्यावर तिला वर्षाला सुमारे १६ लाख युरो मिळणार होते. ती म्हणाली, शिकत असेपर्यंत मला हे नको. बदल्यात मी काही करत नाही, आणि इतर विद्यार्थ्यांचे हाल चाललेत, तेव्हा हे मला अवघड वाटतं. पगार परत करीन. तिला ना संसदेने सांगितलं होतं ना कलमाने.

तो वाढदिवस आणि हे पत्र एकाच मुलीचं, एकाच वर्षातलं. मी तिला पत्रावरून ओळखायचं ठरवलं आहे. आमच्या मुलीसारखीच तीही झाकणावर लिहून मोकळी झाली.

तुम्हालाही तसं लिहिता येतं हे तुम्ही दाखवलं आहे. वसाहतींचं गुणगान रंगवलेली ती सोन्याची बग्गी २०२२मध्ये बाजूला ठेवलीत. १ जुलै २०२३ला ॲम्स्टरडॅमच्या ओस्टरपार्कमध्ये उभं राहून गुलामगिरीबद्दल माफी मागितलीत, पूर्वजांनी जे केलं नाही त्याबद्दल क्षमा मागितलीत. मी तिथे गर्दीत होते. त्याच्या काही दिवस आधीच सरकारी अभ्यासात आकडा आला होता. १६७५ ते १७७० या काळात वसाहतींतून तुमच्या घराण्याला मिळालेला पैसा आजच्या हिशेबाने ५४ कोटी ५० लाख युरो. आमच्या वेंगुर्ल्याच्या वखारीतली मिरी त्यात किती, हे मी विचारत नाही. हिशेबनीस असले तरी एवढी जुनी वही उघडायची माझी तयारी नाही.

चालू वहीचं मात्र विचारते. ४०वं कलम बदलायचं तर घटनादुरुस्ती लागते. संसदेत दोनदा मतदान, दुसऱ्या वेळी दोन-तृतीयांश. ते तुमच्या हातात नाही आणि राजाने राजकारणात पडू नये हेही मान्य. पण इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ १९९३पासून स्वखुशीने आयकर भरू लागल्या, कायद्याने भाग पाडलं नव्हतं. आणि तुमच्याच घरात एक हाताने लिहिलेलं पत्र पडलेलं आहे, त्याची नक्कल करायला कुणाची परवानगी लागेल?

एका वर्षी असं करा. त्या दिवशी ज्या गावी जाल तिथे ठरलेली फेरी करा. पितळी बँड ऐका, आजोबांशी बोला, कुणी कमोड पुढे केला तर जरूर फेका. दरसाल तुमची फेरी जास्त जास्त गुळगुळीत होत चालली आहे, मिनिटामिनिटाला आखलेली, स्थानिक उद्योगांच्या मंडपांतून नेलेली, ती जरा विसकटली तर लोकांना आवडेल. आणि भाषणाच्या शेवटी दोन वाक्यं बोला: या वर्षीपासून माझ्या पगारावरचा आयकर मी भरणार आहे. विवरणपत्र इतरांसारखंच, १ मेच्या आत.

फॉर्म भरायला अवघड नाही. अडलं तर माझ्याकडे या. त्या आठवड्यात मी रात्री अकरापर्यंत जागी असते, आणि पहिल्या वेळी मी कुणाकडूनच पैसे घेत नाही. आमच्या मुलीची चटई गल्लीच्या तोंडाशीच असते, शेजारी एक चौकोन खडूने आखून ठेवायला सांगते. अडगळ तुमच्याकडेही असेलच. फक्त एखादा तुकडा नसेल तर झाकणावर तसं लिहा. ती विचारते.

आपली नम्र,
ॲम्स्टलफेनची एक हिशेबनीस,
मुक्काम पोस्ट वेंगुर्ला